कोमट पाण्याची तक्रार

अण्णा,

गिझर बिघडलेला नव्हता. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तुम्हाला सवय नव्हती. समोरच्यानं तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला तुमची मान हलायची आणि पाचव्या शब्दाला ‘कळलं, पुढचं मला माहीत आहे’ म्हणून तुम्ही त्याला गप्प करायचात. संताप याचा यायचा की पुढचं तुम्हाला खरंच माहीत असायचं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं मला एकदाही वाटलं नाही, आणि आजही काही मायेचा उमाळा आला म्हणून बसलेले नाही. तुमची आठवण मला कुणाचा तरी राग आला की येते. आता मला राग रोजच येतो, त्यामुळे आठवणीची तक्रार तुम्हाला करता येणार नाही. आज रजा टाकली आहे. मुलगी शाळेत गेलीय, आई खालच्या खोलीत झोपलीय, नवरा या सगळ्यात नाही. तो सहसा कशातच नसतो.

मी कतारला आले तेव्हा तुम्ही होतात. दोह्यातल्या त्या दोन खोल्या सोडून आता आम्ही समैस्म्याला राहतो, समुद्राजवळ, भिंतीआड एकसारख्या बावीस बंगल्यांच्या वसाहतीत. सकाळी साडेपाचला कंपनीची बस येते आणि रास लफानच्या गॅस प्रकल्पात नेऊन सोडते. तिथे मी हीट एक्स्चेंजर बघते, म्हणजे एका नळीतली उष्णता शेजारच्या नळीत कशी आणि किती जाते ते बघते. फोनवर हे तुम्हाला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही पलीकडून एवढंच म्हणालात, “म्हणजे बंबच की.” चार वर्षं पदवी, दोन वर्षं पुढचं शिक्षण, समुद्र ओलांडून मिळवलेली नोकरी, आणि तुमच्या लेखी बंब. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तुम्हाला मनातल्या मनात बोलत होते. एक्स्चेंजर म्हणजे बंब नव्हे, याची मुद्देसूद कारणं मी आजही देऊ शकते.

इथल्या पाण्याचा उलटा कारभार तुम्ही पाहिला नाहीत, याचं मला थोडं वाईट वाटतं. मे महिना लागला की गच्चीवरची टाकी दिवसभर तापते आणि घरातल्या गार नळाला कढत पाणी येऊ लागतं. मग सगळे लोक आपापले गिझर बंद करतात. गिझर बाथरूमच्या छताजवळ, एसीच्या गारव्यात असतो, त्यामुळे बंद गिझरमधलं पाणी आपोआप निवतं. म्हणजे उन्हाळाभर गार पाण्यासाठी लाल खुणेचा नळ उघडायचा आणि गरम हवं असेल तर निळ्या खुणेचा. इथल्या पोरांना हे पाळण्यापासून ठाऊक असतं. नवा पाहुणा मात्र एकदा तरी पोळतो आणि मग घरभर सगळे त्याला ‘सांगायचं राहिलंच’ म्हणत हसतात. नोव्हेंबरात गिझर चालू झाले की लाल पुन्हा लाल होतो.

या सगळ्यात एका जागेचं कुणालाच काही करता येत नव्हतं. कमोडशेजारी जो हातफवारा असतो, इथे सगळे त्याला शत्ताफ म्हणतात, तो नुसत्या गार लाइनला जोडलेला असतो. उन्हाळ्यात त्याचं पाणी कुठे आणि कसं लागतं, हे तुम्हाला लिहून सांगायची गरज नाही. या जूनमध्ये मी डोकं लढवलं. खालच्या बाथरूममधल्या शत्ताफच्या मागे एक छोटा मिक्सर नळ बसवला, दोन कॉकचा. एक कॉक गार लाइनवर, दुसरा बंद गिझरच्या लाइनवर. दोन्ही कायमचे उघडे ठेवायचे, म्हणजे फवाऱ्याचा खटका दाबला की अंगाला सोसेल असं पाणी. प्लंबरला बोलावलं नाही, सगळं मी स्वतः केलं. वसाहतीतल्या बायका बघायला आल्या. कुणी फोटो काढले, कुणी माझ्यादेखत नवऱ्याला व्हिडिओ पाठवला, आणि महिनाभरात पाच घरांनी तस्साच मिक्सर बसवून घेतला. “शेवटी रास लफानची इंजिनीअर,” असं कुणीतरी म्हणालं. मी वरवर लाजले. असं काहीतरी कुणीतरी म्हणावं याची मी तीस वर्षं वाट बघत होते, आणि ते शेवटी म्हटलं गेलं ते संडासात.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. पदवीचा निकाल लागला त्या दिवसाचं सांगते, तुम्ही विसरला असाल. मी पेढे घेऊन दवाखान्याच्या बॉयलरखान्यात येते. तुम्ही खाकी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वाफेच्या दाबाच्या काट्यासमोर उभे आहात, कपाळावरचा घाम पुसायचाही तुम्हाला कंटाळा. सरकारी दवाखान्याचा एक जुनाट बॉयलर, त्याच्यावर धुलाई, स्वयंपाकघर आणि वॉर्डांचं गरम पाणी, आणि त्या सगळ्याचे धनी तुम्ही. पेढा तोंडात टाकून तुम्ही विचारता, “वाफ कुठल्या रंगाची असते?” मी म्हणते, पांढरी. तुम्ही पेढा गिळता, मागे भट्टीवर असलेल्या फायरमनकडे बघता आणि म्हणता, “पांढरं दिसतं ते पाणी. वाफ दिसतच नाही. चार वर्षं काय केलंस, बाई?” तो फायरमन फिदीफिदी हसला. मी पहिल्या वर्गात आले होते, अण्णा. विद्यापीठानं जे मला विचारलं ते सगळं मी बरोबर सांगितलं होतं. आणि तुम्ही मात्र नेमकं ते विचारलंत जे विद्यापीठाला सुचलं नव्हतं, आणि तेही लोकांसमोर. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाचं कौतुक मला नको. तसंही ते मिळणार नव्हतं.

कतारला निघाले तेव्हा आईनं लाडू दिले, मामानं घड्याळ दिलं. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर दिलात, पिवळ्या मुठीचा, तुमच्या रोजच्या वापरातला. “पाइपात पाणी फिरतंय का कळेना, तर टोक पाइपावर ठेव आणि मुठीला कान लाव. ऐकू येतं,” असं म्हणालात. झालं, एवढाच निरोप. माझ्या कामाच्या ठिकाणी असलं ऐकायला आकडे दाखवणारी यंत्रं आहेत. तुमचा स्क्रू ड्रायव्हर इथे कढईचे कान आवळायच्या कामाला येतो. जूनमध्ये तो मिक्सर बसवला तोही त्यानंच.

आता त्या दिवसाचं. मी सातवीत होते. बाळंतिणींच्या वॉर्डात आठवडाभर गरम नळाला कोमट पाणी येत होतं आणि सगळं खापर तुमच्यावर फुटलं होतं. तुमचा डबा घेऊन मी येते तर बॉयलरखान्यात तुम्ही नाही, म्हणून वर वॉर्डापाशी येते. मोठे डॉक्टर उभे आहेत, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय, आणि मोरीपाशी तुम्ही. तुम्ही खाली जाऊन गरम टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आला आहात आणि आता वॉर्डातला गरम नळ उघडून दाखवताय. नळ धो धो चालू आहे. तुम्ही म्हणता, “साहेब, गरम लाइन मी बंद केलीय. तरी गरम नळाला पाणी आहे. म्हणजे वॉर्डात कुठेतरी गार लाइन यात घुसतीय.” इतकं साधं, इतकं सरळ. डॉक्टर हातातला कागद दुमडत म्हणतात, “तुम्ही बंद केलं तरी पाणी येतंच आहे ना? मग तुम्हाला ठेवलंय कशाला?” सगळे हसतात. तुम्ही नळ बंद करता, हात पँटला पुसता आणि जिना उतरता. तुम्हाला मेमो मिळाला आणि बॉयलरवरून काढून वर्षभर पाण्याच्या पंपावर बसवलं. पुढे बाळंतपणाच्या खोलीत सापडलं ते असं: एका सिस्टरनं स्वतःच्या सोयीसाठी दोन्ही नळ एका रबरी नळीत जोडले होते, नळीच्या तोंडाला चिमटा, आणि नळ दोन्ही कायम उघडे. कुणी येऊन तुम्हाला ‘आमचं चुकलं’ म्हटलं नाही. तुम्हीही कुणाकडे मागायला गेला नाहीत, तेवढा ताठा तुमच्यात होताच.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे आकृती काढून आईला दाखवायला लागलात. इकडून गरम, इकडून गार, मध्ये जोड. तोंड बंद असलं की पाणी बाहेर पडत नाही, पण आतल्या आत या लाइनीतून त्या लाइनीत जातं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “जेवा आधी.” मी गृहपाठ करत होते. मी ते पान बघितलं आणि नाक मुरडलं. हा माणूस घरातसुद्धा स्वतःच बरोबर असल्याचं सिद्ध करत बसतो, असं मला वाटलं होतं.

तर मुद्द्यावर येते. डिसेंबरात आई आली. थंडी इथे म्हणावी तशी नसते, पण समुद्राचा वारा हाडात शिरतो आणि आईचे गुडघे तुम्ही गेलात तेव्हापासूनच दुखतात. खालची खोली तिला दिली. दुसऱ्या दिवशी अंघोळीहून आली ती थरथरत. “पाणी कोमट आहे गं. असू दे, मला चालतं.” मला हे ‘चालतं’ डोक्यात जातं. वसाहतीची देखभाल ज्या कंपनीकडे आहे तिथे फोन केला. त्यांचा माणूस आला. पन्नाशी उलटलेला, तेलंगणातल्या निझामाबादेकडचा, पंचवीस वर्षं आखातात. बूट दाराबाहेर काढले, स्टूल मागितलं आणि गिझरच्या दोन्ही पाइपांना आळीपाळीनं हात लावत उभा राहिला. काही उघडणं नाही, मीटर नाही, काही नाही. मला तर तिथेच चीड आली. असे हात लावणारे लोक मला माहीत आहेत. मग तो म्हणाला, “मॅडम, हीटर अच्छा है. बाहर का पाइप गरम है, नल तक आते-आते ठंडा होरा.” मी म्हटलं, तुम्हाला विचारलं नाही, थर्मोस्टॅट बदला. दुसऱ्या खेपेला त्यानं थर्मोस्टॅट बदलला, कॉइलही बदलली. “आप बोले तो बदल देतुं, मॅडम. फरक नहीं पड़ेगा.” फरक पडला नाही. तेवढ्यात आईनं त्याला चहा विचारला. तो म्हणाला, “अम्मा, पानी गरम हो जाए, फिर पीतुं.”

तिसऱ्या खेपेला आई पलंगावर बसली होती आणि माझी मुलगी दारात उभी होती. तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यानं गरम नळ उघडा ठेवला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक माझ्या त्या मिक्सरवर ठेवलं आणि मुठीला कान लावला. अण्णा, मला हसू आलं. म्हटलं, आता नाडी बघेल. आई मात्र आतून म्हणाली, “अगं, हा तर यांच्यासारखंच ऐकतोय.” मग त्यानं गिझरखालचा व्हॉल्व्ह बंद केला, खाली उतरला आणि चालू नळाकडे बोट दाखवलं. “देखो, मॅडम. हीटर का पानी बंद है, नल चालू है. ये मिक्सर ठंडा-गरम दोनों को अंदर-अंदर मिला रा. ये दो कॉक बंद रखना, बस. किसी ने गलत लगाया.” मुलगी म्हणाली, “आई, बट यू पुट दॅट. ही इज राइट, यू नो.”

मी त्याला काय म्हटलं ते शब्दशः लिहिते. “वॉल्व भी ठीक से बंद करना नहीं आता? बंद किया तो पानी कैसे आ रहा है? फिर तुमको भेजते किसलिए हैं?” तो एकदा मुलीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, “ठीक है, मॅडम.” हत्यारं पिशवीत भरली, आपल्याच फडक्यानं फरशीवरचे पायांचे ओले ठसे पुसले आणि गेला. मी कंपनीला तक्रार लिहिली. हा माणूस अकार्यक्षम आहे, साधा व्हॉल्व्ह बंद करता येत नाही, दोष ग्राहकावर ढकलतो, पुन्हा पाठवू नये. माझं इंग्रजी चांगलं आहे. ऑफिसात नापास एक्स्चेंजरचा अहवाल मी असाच लिहिते, कुठेही फट राहत नाही.

तीन दिवसांनी दोन तरणी माणसं आली, कुठेही हात न लावता नवा गिझर बसवून गेली. मला असे लोक आवडतात. नव्या गिझरचंही पाणी दोन दिवस कोमटच आलं. मग एका सकाळी आईच्या पायावर त्या शत्ताफमधून पाणी ठिबकायला लागलं, म्हणून तिनं सहज त्या मिक्सरचे दोन्ही कॉक फिरवून बंद केले, आणि त्या दिवशी तिच्या बादलीत कढत पाणी आलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौतीस वर्षांपूर्वीची कॅलेंडरच्या पाठीवरची आकृती कुणाला आठवते, अण्णा? गृहपाठ करता करता वरवर बघितलेली. एखाद्या हुशार माणसाच्याही हातून अशी चूक होऊ शकते, आणि तशी ती झाली.

हे इथेच संपलं असतं, पण आई. तिला पाणी गरम झालं म्हणून आनंद, आणि आनंद झाला की तिला कुणाला तरी खायला-प्यायला घालायचं असतं. रोज सकाळी विचारते, “ते काका कधी येतायत? पाणी गरम झालं की चहा घेईन म्हणाले होते.” मी एकदा म्हटलं, ते आता येत नाहीत, दुसरे येतात. ती म्हणाली, “पण चहा तर त्यांचा राहिलाय ना?” तीन दिवस हे ऐकल्यावर मी कंपनीच्या सुपरवायझरला फोन केला, सहज चौकशी म्हणून. तो अगदी आदबीनं म्हणाला, “मॅडम, उसको साइट से हटा दिया, जैसा आप बोले थे. इस महीने उसका रिन्यूअल है, और फाइल में आपका कंप्लेंट है. मॅनेजर सीधा घर भेज देगा.” मी विचारलं, मग? तो म्हणाला, “आप एक लाइन लिख दो कि गलती उसकी नहीं थी, तो हो जाएगा, इन्शाल्ला. गुरुवार के पहले.” पंचवीस वर्षं काढलेला माणूस, पन्नाशीनंतर परत पाठवला की त्याला इथे पुन्हा कुणी बोलवत नाही, हे मला कुणी सांगायला नको. आज बुधवार आहे.

एक ओळ. मी रोज तीस मेल पाठवते. ही ओळ सोमवारपासून लिहितेय. पहिल्यांदा लिहिलं, ‘काही गैरसमज झाला होता’, कुणाचा ते न लिहिता. मग लिहिलं, ‘तांत्रिक बाब नंतर स्पष्ट झाली’. वाचून मलाच किळस आली. असली वाक्यं लिहिणाऱ्या साहेबांना मी जन्मभर नावं ठेवली. तुमचे ते मोठे डॉक्टर तरी बरे, त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं. मग आज सकाळी रजा टाकली आणि विचार केला, आधी तुम्हाला लिहून बघावं. तुम्ही काही त्याची प्रत पुढे कुणाला पाठवणार नाही.

आणि इतकं लिहून झाल्यावर मागे वळून वाचलं, तर मी तुमच्याशीसुद्धा खोटं बोलले आहे. मेलेल्या माणसाशी. आईनं त्या कॉकना हात लावला नाही, अण्णा. तिला ते कशाचे आहेत हेही माहीत नाही, ती शत्ताफला घाबरते आणि तांब्याच वापरते. तिच्या पायावर काही ठिबकलं नव्हतं.

झालं ते असं. तो माणूस फरशी पुसून गेला, मुलगी वर गेली, आई जप करायला बसली. मी स्वयंपाकघराच्या खणातून तुमचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, खालच्या बाथरूमचं दार लावलं, गरम नळ उघडला, टोक त्या मिक्सरवर ठेवलं आणि पिवळ्या मुठीला कान लावला. आत पाणी वाहत होतं. फवारा बंद, तरी आतल्या आत या लाइनीतून त्या लाइनीत, तुम्ही काढलं होतंत तसंच. ऐकायची तशी गरजही नव्हती. त्यानं चालू नळाकडे बोट दाखवलं तेव्हाच मला तुमचं ते पान डोळ्यांसमोर दिसलं होतं, पेन्सिलीच्या बाणांसकट. मी दोन्ही कॉक बंद केले, नळाखाली बोट धरलं आणि शंभरपर्यंत मोजायला लागले. नव्वदलाच बोट भाजलं. मग मी दोन्ही कॉक होते तसे पुन्हा उघडले, बाहेर आले, हात पुसले आणि ती तक्रार लिहायला बसले. नवा गिझर येईपर्यंत तीन दिवस आईला कोमट पाण्यानं अंघोळ करू दिली. तो बसवून झाला त्या संध्याकाळी कॉक बंद केले, म्हणजे सगळ्यांना वाटावं की नव्या गिझरचा गुण आहे. आई म्हणालीसुद्धा, “नवा बंब गुणाचा आहे हो.” उरलेल्या पाच घरांत कोमट पाण्याचं काय चाललंय, मी विचारलेलं नाही. परवा एकीच्या दारात जुना गिझर काढून ठेवलेला दिसला, मी मान फिरवून बसकडे गेले.

का केलं म्हणाल तर मुलीसमोर तो बरोबर निघाला म्हणून. दुसरं काही कारण नाही. मीही तिच्याएवढीच होते तेव्हा दवाखान्याच्या दारात उभी होते आणि सगळ्यांबरोबर हसले होते. तुम्हाला वाटत असेल डबा शिपायानं आणून ठेवला. तो मी बॉयलरखान्याच्या पायरीवर ठेवून पळाले होते. चौतीस वर्षं मी त्या डॉक्टरला मूर्ख म्हणत आले, आणि माझ्यावर तशीच वेळ आली तेव्हा मला त्याचंच वाक्य सुचलं, तुमचं सुचलं नाही. मला तुमचा कायम तिटकारा वाटला, कारण तुम्ही बरोबर असायचात आणि वर ते बोलून दाखवायचात. हा माणूस बरोबर होता आणि बोलून न दाखवता फरशी पुसून गेला, तर मी त्याचीही गय केली नाही.

मेल आत्ता पाठवली. त्यात लिहिलं, मिक्सर मी स्वतः चुकीचा बसवला होता, दोष त्यातच होता, तुमच्या माणसानं तो अचूक ओळखला आणि मला स्पष्ट सांगितला, मी ऐकलं नाही, माझी तक्रार मागे घ्यावी. वसाहतीच्या ग्रुपवरही टाकलं की ते कॉक हिवाळ्यात बंद ठेवा. मिक्सरवाल्या चौघींनी अंगठ्याची खूण टाकली, जिनं जुना गिझर काढला होता तिनं काहीच लिहिलं नाही. सुपरवायझरचं दहा मिनिटांत उत्तर आलं, नोटेड मॅडम, इन्शाल्ला. त्यावरून तो राहील की जाईल हे मला सांगता येत नाही. आई उठलीय, आल्याचा वास येतोय, तिला मी अजून काही बोललेले नाही.

मेलमध्ये मी ‘ऐकलं नाही’ असं लिहिलंय, अण्णा. ‘मला तेव्हाच कळलं होतं’ असं लिहिलेलं नाही. ते इथे लिहिलं, कारण हे कुठे जायचं नाहीये.